चार बोटांचा पाय

आमी कोहळी जी, तलाव बांधनारे लोक. माह्या आज्याच्या आज्यानं पार, म्हंजे बांध, घातली त्या तलावाच्या काठी माहं माहेर, अन् लगीन होऊन आली ते नागझिऱ्याच्या गेटाजवळच्या या गावात. आता मी जंगलात गाइड आहो. बाई गाइड दिसली का पर्यटक पहिले वरून खाली पाह्यते, मंग मी मातीत वाघाचा पंजा दाखवला का गप होते. हा नराचा, हा मादीचा, हा कालचा, हा आत्ताचा. मले मातीतलं वाचता येते, कागदातलं तेवढं नाई येत, अन् काय सांगू तुमाले, कागदातलं आलं असतं तं आमच्या घरावर ही पाळीच नसती आली.

माह्या नवऱ्यानं जिप्सी घेतली होती, पर्यटक फिरवाची गाडी, फायनान्स कंपनीचं कर्ज काढून. दोन हंगाम बरे गेले, मंग इंजिन बसलं, हप्ते थकले, अन् फोन सुरू झाले. वसुलीचा एकच मानूस बोले, दिवसातून दहा-दहा खेपा, नाव सांगे ना गाव सांगे. हे जेवाले बसले का फोन, आंघोळीले गेले का फोन. मंग त्यानं माह्या भावाले केला, गेटवरच्या बाबूले केला, ननंदेच्या सासऱ्याले केला का तुमची सून बुडव्याच्या घरची आहे. ननंद लाजेच्या मारे माहेरी येनं सोडली. गाडी ओढून नेली तरी फोन बंद नाई. हे त्याच्यासंग बोलत बोलत, हात जोडत जोडत अर्धे झाले, अन् एक दिवस छातीत दुखलं ते गोंदियाले नेइपर्यंत खेळ संपला. खोटं कायले बोलू, त्या फोनवाल्याले माह्या नवऱ्याचा आवाज माह्यापेक्षा जास्त ठाऊक असन. रोज तोच तं ऐके मुडदा.

आता माही सासू. बुढी म्हनतो आमी, लाडानं. डोळ्यानं दिसत नाई, कानानं अर्धंमुर्धं. घर तिच्या नावावर आहे. आमच्याकडं मानूस गेला का दहा दिवस ओट्यावर गिलासात पानी ठेवते, जीव तहानलेला येते म्हनून. दहाव्याले बंद करते. बुढीनं नाई केलं. मी म्हटलं, आत्याबाई, झाला न दहावा, तं म्हने तुह्या बापाचं काय जाते वो, पानीच तं आहे. मी सोडून देली. मोठी चूक केली, पन पोटच्या पोराले पानी ठेवते तिले कोनत्या तोंडानं अडवू.

मंग एक दिवस मी सफारीवरून आली तं बुढी हासून राहिली. म्हने पानी पेला तो. मी म्हटलं कुत्रं असन. दुसऱ्या दिवशी गिलास रिकामा, अन् धुऊन पालथा घातलेला. आमचे हे तसेच घालत, पानी पेले का पालथा. माह्या अंगावर काटा आला जी. तिसऱ्या दिवशी बुढी म्हने, आज बोलला. भर दोन वाजता, ऊन नुसतं तापलेलं, गावात चिटपाखरू नाई, अन् तो ओट्यावर बसून म्हने, माय, आज पानी गार नाई वो. हे त्याहीचंच बोलनं. उन्हाळाभर हेच म्हनत माह्या जवळ. मी चुलीपुढं बसली ते बसूनच राहिली, भात करपला तरी समजलं नाई मले.

आठ दिवस असंच. दुपारची फेरी निघाली का मी जंगलात, अन् घरी तो. बुढीनं जेवन सोडलं. वाळून कुटार झाली पार. लय खोदून इचारलं तवा सांगते, तो म्हनते माय, माह्या डोक्यावर कर्ज आहे, मले सुटका नाई, इकडंच भटकून राहिलो म्हने. उद्या कागद आनतो, तू अंगठा दे, मंग मी जातो. अन् बुढी मले म्हने, मी देतो वो अंगठा, पोरगं उन्हातान्हात फिरून राहिलं.

अंगठा म्हटल्याबरोबर माहं डोस्कं ठिकान्यावर आलं. मेलेल्या मानसाले अंगठा कायले पाह्यजे? भूत असो का देव असो, त्याले स्टांप पेपर लागत नाई बाप्पा!

बुढीले म्हटलं, उद्या त्याले सांग, अंगठा परवा. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर जाच्या आंधी मी चुलीतली राख चाळली अन् ओट्याखाली पसरवली, जशी आमी जंगलात पानवठ्यापाशी माती सारखी करतो. ओट्यावर गिलास ठेवला अन् गेली. संध्याकाळी आली तं राखेत पाय उमटलेले. उघडे पाय. चपला दूर काढून येत होता, वाजू नाई म्हनून. मी बुढीचा हात धरला, खाली बसवली अन् तिचं बोट अलगद डाव्या पायाच्या खुनेवर ठेवलं. आमचे लहान असतानी तलावाच्या पारीवर कुदळ लागून डाव्या पायाची करंगळी गेली होती. बुढीनंच हळद दाबली होती तवा. म्हटलं, मोज आत्याबाई.

एक, दोन, तीन, चार. अन् पाच. तिनं पुन्हा मोजलं. पुन्हा पाच. रडली नाई, काई नाई. उठली, पालथा गिलास उचलून अंगनात फेकला अन् म्हने, मले भाकर दे.

सकाळी मी गोंदियाले कोर्टात गेली. तिथं गरिबाले फुकट वकील देते. वकीलबाई पोरगीच दिसे, पन हुशार. म्हने, काकू, सासूनं कुठंच सही नाई केली, जामीन नाई, तं तिच्यावर एक रुपयाचं कर्ज नाई, पोराच्या मांगं पोराचं जे उरलं त्याच्यातूनच कंपनीनं मांगावं. पन अंगठा देला असता तं घर गेलं असतं समजा. वसुलीवाल्याले ओळखपत्र लागते, कंपनीचं पत्र लागते, नातेवाइकाले फोन करता येत नाई, धमकी नाई, सोंग नाई. सकाळी आठच्या आंधी अन् संध्याकाळी सातच्या बाद तं फोनही नाई. मी म्हटलं, हे सगळं आधीपासून होतं? म्हने हाव. तवा मले रडू आलं जी. आमचे तं पहाटे पाचलेही फोन उचलत होते, हात जोडून.

ठरलेल्या परवाच्या दिवशी मी सुट्टी घेतली, दाराआड बसली. बरोबर दोन वाजता आला. माय, कागद आनला वो. आवाज असा का वाटलं दार उघडू अन् हेच असतीन. उघडलं तं साधा मानूस, चांगल्या कपड्यातला, घाम आलेला. मी म्हटलं, कार्ड दाखव. कंपनीचं पत्र दाखव. त्यानं माह्याकडं पाह्यलं, कागद तिथंच टाकला अन् चपला हातात घेऊन चालला गेला, पळाला नाई. कागदावर अंगठ्याच्या जागी आधीच पेनानं गोल काढलेला होता.

तो कागद लावून वकीलबाईनं कंपनीले तक्रार टाकली, पोलीस ठान्यातही देली. कंपनीचं उत्तर आलं, या पत्त्यावर आमी कोनीच मानूस पाठवला नाई. वकीलबाई हासली, म्हने सगळे असंच लिहते, पुढं जाऊ आपन. फोन तं बंद झाले, ते खरं. पन मी कधी कधी विचार करून राहतो, नाई पाठवला तं मंग तो कोन होता, अन् पालथ्या गिलासाचं त्याले कोनं सांगितलं.

आता बरं आहे. घर आहे, जंगल सुरू आहे. बुढी जेवते. पन मागच्या महिन्यापासून गिलास पुन्हा ओट्यावर आला. मी चिडली, म्हटलं, अवं पाच बोटं मोजली न तू आपल्या हातानं. तं म्हने, मोजली. पन तो मले माय तं म्हने न वो. आता कोन म्हनते.

तुमी चांगले राहा, तुमच्या माय-बापाले सांगून ठेवा, कोनी कितीबी गोड बोललं तरी अंगठा देऊ नका, कार्ड मांगा. अन् आता ओट्यावरून उठा तुमी, ऊन वाढलं, दोन वाजत आले. गिलास मलेच भरून ठेवा लागते, बुढीचा हात कापते.