पुढचं डावं चाक

हिल्का : ‘बाबा, बर्फाची वाट बघू नका. पारा सातच्या खाली आला की चाकं बदला.’ आपला ओस्सी किती वेळा सांगायचा, अहो. आज पारा एकवर आहे.

वेइक्को : मला वाचता येतो पारा.

हिल्का : मग उठा. आज सर्वसंतांचा दिवस, थडग्यावर मेणबत्ती लावायची, आणि बस नाही. चारला काळोख पडेल. पहिल्या वर्षी लेकाला अंधारात ठेवणार नाही, असं त्याच्या थडग्यापाशी बोलून आलेय मी.

वेइक्को : शेजारच्या आउनेला सांग. नेईल तो.

हिल्का : पोराकडे जायला शेजारी कशाला? चाळीस वर्षं दुधाचा टँकर चालवलात, आणि वर्षभर गाडी अंगणात नुसती उभी. खाली गवत उगवलं.

वेइक्को : तिला अजून उन्हाळी चाकं आहेत. त्या दिवशी होती तीच.

हिल्का : म्हणूनच म्हणते, बदला.

वेइक्को : रस्ता कोरडा होता गं. ऊनसुद्धा होतं. पण थंडीत ते रबर लाकडासारखं होतं, आणि पूल खालूनही गार पडतो. वर काचेसारखा थर. त्याने ब्रेक दाबला असेल, नि गाडी सरळ कठड्यावर.

हिल्का : मला प्रार्थनेहून आणायला निघाला होता. मी चर्चच्या पायरीवर उभी होते.

वेइक्को : गाडी दुरुस्त होऊन आली.

हिल्का : हो. गाडी आली.

वेइक्को : चाकं बदलायचा का थांबलो होतो, ठाऊक आहे? हिवाळी चाकं कोरड्या डांबरावर झिजतात, बर्फ धरायला त्यांत बसवलेले खिळे बोथट होतात. म्हटलं, आठवडाभर थांबू. खिळे वाचवले मी, हिल्का. जाऊन बघ शेडमध्ये, नव्यासारखे आहेत.

हिल्का : रोज सकाळी प्रार्थनेत तुमचं नाव घेते मी. मनात राग राहू नये म्हणून. कधी जमतं, कधी नाही.

वेइक्को : आज नाही जमलं?

हिल्का : आज अजून कळलं नाही. पाना कुठे आहे? मी काढते चाकं.

वेइक्को : तुझ्याने बोल्ट हलायचे नाहीत.

हिल्का : मग चालत जाते. अकरा किलोमीटर तर आहे.

वेइक्को : ह्या गुडघ्यांनी?

हिल्का : शब्द दिलाय त्याला.

(शेडच्या दाराची कडी निघते.)

वेइक्को : उणे वीस असतं तर बरं होतं. कडक थंडीत बर्फ कोरडा राहतो, चाक धरतं. शून्यापाशी त्यावर पाणी सुटतं, तिथे खिळेच लागतात. …हे बघ.

हिल्का : काय?

वेइक्को : ह्या हिवाळी चाकावर खडूने लिहिलंय. ‘पुढचं डावं’. गेल्या वर्षी वसंतात ही त्यानेच काढून ठेवली होती.

हिल्का : त्याचंच अक्षर. तिरकं.

वेइक्को : ओला रस्ता लागला की पुसलं जाईल.

हिल्का : हो.

वेइक्को : …जॅक दे इकडे. आणि मेणबत्ती मांडीवर धर, डिकीत नको. पुलावरून मी सावकाश नेईन.