बसा मागं, सोडतो!

नाव घेत नाही मी कुणाचं, पण ज्या कुणी आमच्या शिरूर तालुक्याला हे शिकवून ठेवलंय ना, की रस्त्यानं पायी निघालेला माणूस म्हणजे अडचणीत सापडलेला माणूस, त्यानं माझ्या आत्याच्या पळण्याचं पार वाटोळं केलंय! हो, वाटोळं! हसू नका. तुमचं काय जातंय हसायला? तुम्ही कधी निमोण्याच्या रस्त्यावर सकाळी पळून बघितलंय? नाही ना? मग ऐका.

माझी आत्या, करुणा. बावन्न वर्षांची. आज बघाल तर चष्मा, गुडघ्याला पट्टा, हातात मेथीची पिशवी... पण एके काळी तीन हजार मीटरला महाराष्ट्राकडून पळलेली बाई आहे ती! कालव्याच्या कडेनं अनवाणी पळत पळत थेट राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेलेली. मग खेळाडू म्हणून दौंडला रेल्वेत नोकरी लागली, टेबल मिळालं, खुर्ची मिळाली, आणि खुर्चीनं जे करायचं ते केलं. आता स्वेच्छानिवृत्ती घेऊन माहेरच्या गावी परत आलीय, आणि आल्या आल्या मला काय म्हणते? "पोरी, तू ते बी.पी.एड. का काय केलंयस ना? मग मला पळव."

मला पळव! अहो, मला तर आभाळ ठेंगणं झालं. मास्टर्सची निवड चाचणी होती दौंडला. मास्टर्स म्हणजे वय झालेल्यांच्या शर्यती, गटागटानं. पन्नाशीपुढच्या बायकांचा गट, दहा किलोमीटर, रस्त्यावरची शर्यत, पहिल्या दोघी राज्याला. मी वेळापत्रक केलं, लाल-हिरव्या पेनानं. सोमवारी सावकाश, मंगळवारी चढ, बुधवारी वेगात... आणि पहिल्याच सोमवारी आत्या घरातून निघाली आणि अर्ध्या तासात परत. मी म्हटलं, "आत्या! दहा किलोमीटर? अर्ध्या तासात? या वयात?" तर म्हणते, "अगं, पळाले फाट्यापर्यंतच. पुढं ज्ञानेश भेटला."

ज्ञानेश म्हणजे आमचा दूधवाला. मोटारसायकलला दोन्हीकडून कॅन, मध्ये स्वतः, आणि तरीही मागं जागा आहे असं मानणारा माणूस. त्यानं बघितलं करुणाताई पळतायत, करकचून ब्रेक मारला. "ताई! काय झालं? बसा मागं, सोडतो!"

आणि ही बसली.

मंगळवारी उसाचा ट्रॅक्टर. "बसा मागं, सोडतो!" बसली. बुधवारी रांजणगावची कंपनीची बस. ड्रायव्हर म्हणतो, "फर्स्ट शिफ्ट का ताई? लेट झाला का? या, या!" आतून परराज्यातली पोरं उठून जागा देतायत, "दीदी, इधर बैठो, पंखे के पास!" बसली! पंख्याखाली बसली! गुरुवारी मी म्हटलं, अंधारात निघू, रस्त्यावर कुणी नसतं. तर ओट्यावर शेजारची तुळजाबाई. तिनं आत्याला पळताना बघितलं आणि तिथूनच हंबरडा. "अगं बाई, कोण गेलं गं?" आत्या म्हणते कुणी नाही गेलं. "मग पळतीस कशाला? सांग मला, मी घट हाय, मी सोसंल!" दिवस उजाडेपर्यंत आमच्या दारात माणसं जमली होती. एकानं तर सरणाच्या लाकडांची चौकशी केली!

आता तुम्ही म्हणाल, नाही म्हणायचं ना सरळ. मीही तेच म्हटलं, चांगली ओरडून म्हटलं. "आत्या, तुला नाही म्हणता येत नाही?" तर माझ्याकडं असं बघितलं, जशी काही मीच सांगतेय की लोकांच्या तोंडावर दार आपट. "अगं, गावाची लेक मी. थांबलेल्या गाडीला नाही म्हटलं तर काय म्हणतील? रेल्वेची पेन्शन आली, आता आमच्या ट्रॅक्टरवर बसायची लाज वाटाय लागली हिला?" आणि हे खरं आहे हो! आमच्याकडं चहाला नाही म्हटलं तर चालतं, पोटात दुखत असेल म्हणून सोडून देतात. पण थांबलेल्या गाडीला नाही म्हणणं म्हणजे भावकी तोडणं.

मग एका सकाळी कालव्यावर बसून तिनं मला एक गोष्ट सांगितली. तिची शेवटची शर्यत. राष्ट्रीय स्पर्धा होती. त्या वेळी रस्त्यावरची शर्यत होती तिची, पोटरीत गोळा आला, लंगडत होती, पण पळत होती. संघाचे व्यवस्थापक जीप घेऊन शेजारी आले, म्हणाले, "करुणा, बस." आणि ती बसली. "पाय दुखत होता म्हणून नाही गं बसले," म्हणते, "मोठ्या माणसानं बस म्हटलं म्हणून बसले. पाय तर अजून पळत होते. जीपमध्येसुद्धा हलत होते." एवढं बोलून उठली, आणि मागून ट्रॅक्टरचा आवाज आला, "ताई, बसा मागं..."

डोकं फिरलं माझं! मी तडक ग्रामपंचायतीत गेले. शिकलेली मुलगी ना मी, माझा व्यवस्थेवर विश्वास! म्हटलं भोंग्यावरून सांगा. शिपायानं लगेच माइक फुंकला. फूऽऽ फूऽऽ. "हॅलो हॅलो. गावातील समस्त गाडीमालकांना कळविण्यात येतं की, आपल्या गावच्या कन्या करुणाताई या सकाळी स्वखुशीनं पळत आहेत. तरी त्यांना कुणीही गाडीवर घेऊ नये. घेतल्यास ग्रामपंचायत जबाबदार राहणार न्हाई! तसंच पाणीपट्टी..."

आणि चमत्कार! दुसऱ्या दिवसापासून रस्ता मोकळा! ज्ञानेश हॉर्न वाजवून जातो, "पळा ताई, मी थांबलो न्हाई!" ट्रॅक्टरवाला मान दुसरीकडं वळवतो, म्हणजे ताईंना मोह नको. कंपनीच्या बसमधून पोरं टाळ्या वाजवतात. आत्या पळाली हो, सलग पळाली, घामानं निथळत पळाली! मला वाटलं, समाज बदलतो. माइक मिळाला तर समाज बदलतो!

मग उजाडला चाचणीचा दिवस. आम्ही दोघी माझ्या स्कूटीवर दौंडला निघालो, आणि फाट्याच्या अलीकडं फुस्स. पंक्चर. पुसटसं उजाडलेलं, आसपास दुकान नाही, एसटीला वेळ. मी म्हटलं काळजी नको आत्या, आपल्या गावात गाड्यांना काय तोटा?

आला ज्ञानेश. मी दोन्ही हात वर केले. "पळा ताई! थांबणार न्हाई!" गेला. कॅन वाजवत गेला! आला ट्रॅक्टर. मी ओरडतेय, "दादा, थांबा, खरंच थांबा!" तो त्याच्याहून मोठ्यानं, "परीक्षा घेती का माझी? मी फसणार न्हाई!" आली कंपनीची बस. मी रस्त्यात आडवी उभी राहिले, आडवी! त्यानं मला वळसा घातला, खाली साइडपट्टीवरून नेली बस, आणि आतून पोरं, "दीदी, रुकना नहीं!" अरे, रुकी हूँ मैं! पंक्चर हुआ है! पण ऐकतंय कोण? आत्याच्या अंगात शर्यतीचा बनियन, पायात बूट, प्रत्येकाला वाटतंय काय शिस्तीचं गाव आहे आपलं. आत्यानं घड्याळात बघितलं आणि दौंडच्या दिशेनं हळूहळू पळायला लागली. दौंड! तीसेक किलोमीटर! आणि मी मागं स्कूटी ढकलत, रडत. रडतच होते, खोटं कशाला सांगू.

आणि तेव्हा आले कोंडिबा आबा.

कोंडिबा आबा म्हणजे सत्तरी पार, डोक्याला मुंडासं, बुडाखाली छोटा हत्ती टेम्पो, मागं मेथीच्या जुड्या. गेल्या निवडणुकीत यांचं पॅनेल पडलं, तेव्हापासून भोंग्यातून जे येईल त्याच्या उलटं वागायचं असं व्रत घेतलंय माणसानं. भोंगा म्हणाला पाणी जपून वापरा, यांनी बैलगाडी धुतली, आणि बैल विकून चार वर्षं झालेली! करकचून थांबले. "करुणे! पंधरा दिस तुला हुडकतोय मी! कोण म्हणतो गाडीवर घेऊ नये? पंचायत काय माझ्या डिझेलचे पैसे देती? बस मागं, सोडतो!"

मेथीत बसून निवड चाचणीला गेलेली भारतातली पहिली खेळाडू असेल माझी आत्या. पण पोचली! नंबर छातीला लावला आणि सुटली शर्यत. दौंडमधून बाहेर पाटसच्या रस्त्यानं जायचं, वळायचं, परत. मी आबांना म्हटलं आता तुम्ही जा बाजाराला, मेथी सुकेल. "मेथी काय पळून चालली व्हय? पोरगी एकटी पळती, जनाची काय रीत हाय का न्हाई?" आणि घातली गाडी शर्यतीच्या मागं! शिट्ट्या वाजतायत, झेंडेवाला धावतोय, मी आबांच्या शेजारी बसून कपाळ बडवतेय.

वरवंडची सविता, आत्याबरोबर जुन्या काळी पळलेली, गॉगलबिगल लावून केव्हाच पुढं निघून गेली होती. तिचा पहिला नंबर पक्का. दुसऱ्या नंबरावर एक लाल टोपीवाली. आणि तिसरी आत्या. अगदी पन्नास पावलांवर, पण ती पन्नास पावलं काही केल्या कमी होईनात. ऊन चढलेलं. शेवटच्या टप्प्यात मी बघितलं, आत्याचा डावा पाय वाकडा पडायला लागला. पोटरी! तीच पोटरी! तिनं कंबरेला हात लावला, आणि आबांनी गाडी नेमकी तिच्या शेजारी घेतली. मी म्हणते, "आबा, नको! आबा, पाया पडते!" ते म्हणतात, "गप! लेकरू लंगडतंय, डोळं फुटलं का तुझं?" आणि खिडकीतून बाहेर मान काढून, इतक्या मायेनं, इतक्या मायेनं सांगते तुम्हाला, की मलाच भरून आलं...

"करुणे, बास झालं बाळा. बस मागं, सोडतो."

आत्यानं आबांकडं बघितलं. सकाळी अख्खं गाव निघून गेलं होतं आणि हा एकटा माणूस थांबला होता. त्याला नाही कसं म्हणायचं? तिनं हात पुढं केला... आणि मागच्या फळक्यावर ठेवला. ठेवला! पळता पळता! एक पाऊल, दोन पावलं, मेथीच्या जुड्यांवर तिची नजर, अंग गाडीकडं झुकलेलं...

आणि तिनं फळका सोडला.

"आबा, माफ करा. मी पायानं येते!"

आबांनी जागच्या जागी ब्रेक मारला. इंजिन बंद. तोंड असं झालं, जसं कुणी भर लग्नात पानावरून उठवलंय. मी दार उघडून धावत सुटले. आणि पुढं ती आत्या! लंगडतेय, पण काय लंगडतेय हो! लंगडत लंगडत तिनं ती लाल टोपी गाठली, चौकात मागं टाकली, आणि शर्यत संपायच्या पट्ट्याच्या पलीकडं जाऊन रस्त्यावरच बसली. दुसरी! राज्याला निवड! मी नाचतेय, ओरडतेय, सविता गॉगल काढून डोळे पुसतेय, आणि आत्या काय म्हणते? "आबा कुठंयत गं? रागावले का?"

राज्य गेलं खड्ड्यात, आबा रागावले का! पदक गळ्यात तसंच, अनवाणी, बूट हातात घेऊन गेली छोट्या हत्तीपाशी. आबा समोर बघत बसलेले. मेथी पार मान टाकून पडलेली. ही हात जोडून उभी. "आबा, शर्यतीत बसायचं नसतं. आता बसते. न्या मला घरी." आबा चावीला हात लावायला तयार नाहीत. मी म्हटलं, आबा, दुसरा नंबर आला तिचा, राज्याला चाललीय ती! मी नियम सांगितले, खेळ म्हणजे काय सांगितलं, स्वाभिमान, जिद्द, बाईमाणसाचं स्वतःच्या पायावर उभं राहणं... घसा सुकला माझा. आबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग चावी फिरवली, आरशातून मागं मेथीत बसलेल्या आत्याकडं बघितलं, आणि म्हणाले,

"आन् एवढी ऊर फुटस्तवर पळून नंबर आला दुसरा. तवाच बसली असती, तर पहिली न्हाई का आली असती?"