पाण्याखालचा वेल्डर

अंधेरीच्या दवाखान्यात रिपोर्टची वाट पाहणाऱ्या गार्गीच्या कानावर शेजारच्या नवरा-बायकोचं बोलणं पडत होतं.

"वेल्डरला पोरगी कशी द्यायची, म्हणायचा ना तुझा बाप? आज तुझ्या इंजिनीयर भावाच्या दुप्पट पगार आहे माझा, मालन."

"भाऊ समुद्राच्या तळाशी पाइप जोडायला जात नाही रे."

"घाबरतेस?"

"पंधरा वर्षांत आज विचारलंस!"

"बरं, आता कानाच्या टेस्टमध्ये नापास झालो, तर पाण्याखाली जाणं कायमचं बंद. मग खूश?"

"मी देवाकडे तेच मागितलंय."

"काय बोलतेस यार!"

"निलेश परब, आत या," नर्सने हाक मारली.

तो जागचा हलेना.

"जा ना. अगदी बारीक आवाज आला, तरी लगेच हात वर कर."