कावळ्यांचा बहिष्कार

(नंगनल्लूर, एक तंजावरी मराठी घर. परसात केळीच्या पानावर भात, वडा, तीळ. दुपारचे पावणेदोन.)

हेमावती : घुबड! बापाच्या श्राद्धाला परसात घुबड टांगतं का रे कोणी?

शेषगिरी : अक्का, ते चित्र आहे. टॅबलेटवर मीच काढलं, मग फ्लेक्सवर छापून घेतलं. आणि आज नाही टांगलं, फेब्रुवारीपासून आहे.

संयुक्ता : म्हणजे फेब्रुवारीपासून आपल्या परसात कावळा नाही. मी म्हणतच होते, हल्ली शांत शांत का वाटतंय.

शेषगिरी : शेवग्यावर शिंजिराचं घरटं होतं. कावळे पिल्लं खातात.

हेमावती : मग कावळ्याने काय खावं? इडली-सांबार? काढ ते आधी.

शेषगिरी : काढलं. हे बघ, गुंडाळलंसुद्धा. आता येतील.

हेमावती : वाध्यार मंत्र म्हणून, जेवून, ढेकर देऊन केव्हाच गेले. कावळ्याने घास उचलल्याशिवाय घरातल्या कोणी जेवायचं नाही, आणि मी साखरेची गोळी गिळून बैसले आहे. आज मला काही झालं, तर पुढच्या वर्षी दोन श्राद्धं करशील.

संयुक्ता : मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढली होती, अक्का. तो अर्धा दिवस संपला.

शेषगिरी : समोर सीतालक्ष्मीच्या गच्चीवर सात बसलेत की.

संयुक्ता : बसलेत. तुमच्याकडे बघतायत. चार महिने रोज सकाळी शिट्टी, टाळ्या, पाण्याची पिचकारी. कावळा माणसाचा चेहरा विसरत नाही, हे पुस्तकातून तुम्हीच मला मोठ्यांदा वाचून दाखवलंत. कपाळावर गंध लावलं म्हणून काय ओळखणार नाहीत?

हेमावती : कावळा शिवत नाही म्हणजे अप्पांच्या मनात काही राहिलं आहे. काय राहिलं, ते मला पुसू नकोस.

शेषगिरी : वह्या.

हेमावती : बावीस वह्या. रेल्वेच्या कचेरीतून येऊन, कॉफी पिऊन, रोज लिहायचे. आपल्या घरातली बोली. आजी काय म्हणायची, आत्या काय म्हणायची, तंजावरात कोणत्या घरी कोणता शब्द. तुझा हात धरून सांगितलं त्यांनी, हे छाप. माझा नाही धरला. मी लेखिका नाही.

शेषगिरी : काम चालू आहे त्यावर.

संयुक्ता : आमच्याकडे सगळंच चालू आहे, अक्का. सिरुसेरीची आयटीतली नोकरी सोडली त्या वर्षापासून कादंबरी तिसऱ्या प्रकरणात चालू आहे. शंभर पक्ष्यांची चित्रमाला एकेचाळीसवर चालू आहे. वर्षाला बावन्न पुस्तकं वाचणं चालू आहे. बंद काय ते एक वॉशिंग मशीन.

शेषगिरी : सर्जनशील माणसाची कामं समांतर चालतात.

हेमावती : रुळांसारखी. जन्मात भेटायची नाहीत. आणि परवा माझ्या सुनेने, कामाक्षीने, तुझं एक चित्र दाखवलं फोनवर. निळा पक्षी. त्याच्या पंखावर अप्पांचं अक्षर.

शेषगिरी : ते... पोत म्हणून वापरलं. पानं स्कॅन करून. ती एक प्रकारे आदरांजलीच आहे, अक्का.

हेमावती : उलटं होतं!

शेषगिरी : पक्ष्याचं तोंड डावीकडे हवं होतं. चित्र फिरवलं, त्याबरोबर अक्षरही फिरलं.

हेमावती : पाखराचं तोंड फिरवायला बापाचं अक्षर फिरवलंस. इदु तेवैया? गरज होती का याची?

शेषगिरी : लोकांना फार आवडलं. अक्षरासकट.

हेमावती : त्यातल्या एकाने तरी वाचलं?

संयुक्ता : कसं वाचणार? उलटं आहे.

शेषगिरी : तू कोणाच्या बाजूची आहेस?

संयुक्ता : जो जेवायला वाढेल त्याच्या.

हेमावती : हात जोड, शेषू. पानासमोर उभा राहा आणि म्हण, अप्पा, वर्षाच्या आत छापतो. म्हणजे येईल.

संयुक्ता : गेल्या वर्षीही हेच म्हणाले होते. तेव्हा लगेच आला होता.

हेमावती : मग?

संयुक्ता : मग काय? फसला बिचारा.

हेमावती : ऐकतोस का? हात जोड म्हटलं.

शेषगिरी : नाही म्हणणार.

हेमावती : काय?

शेषगिरी : खोटं नाही म्हणणार पुन्हा. मला नाही जमत ते, अक्का. पहिली वही उघडली की पहिल्या पानावरच नऊ शब्द असे, की मला अर्थच लागत नाही. अप्पांनी पुढे नुसतं लिहिलंय, ‘हे सर्वांस ठाऊकच आहे.’ कोणाला ठाऊक? विचारायचं कोणाला?

हेमावती : मला. मी जिवंत आहे अजून. पुरसवाक्कमला राहते. फोन आहे माझ्याकडे.

शेषगिरी : तू ओरडतेस.

हेमावती : ओरडले असते. अर्थही सांगितला असता. तीन वर्षांत एकदा नाही पुसलंस. पाखरांची नावं लक्षात ठेवायला मात्र जागा आहे डोक्यात.

शेषगिरी : पाखरं ओरडत नाहीत.

संयुक्ता : ओरडतात. तुम्ही त्याला कूजन म्हणता.

शेषगिरी : घेऊन जा वह्या.

हेमावती : रागाने बोलू नकोस आज.

शेषगिरी : रागाने नाही. घेऊन जा. मी फक्त रंग भरत बसेन त्यांच्यावर. कामाक्षीला टाइप करता येतं, तुला अर्थ येतो. माझं नावही नको त्यावर.

हेमावती : बावीसच्या बावीस?

शेषगिरी : हो.

हेमावती : मग जा, आत्ता आण. जेवणानंतर तुझा विचार बदलतो, लहानपणापासून.

संयुक्ता : खालच्या कप्प्यात आहेत, पक्ष्यांच्या पुस्तकांखाली. नीट काढा. आणि बाहेरचं दार ओढून घ्या, मांजर येईल.

हेमावती : गेला? रडत होता का गं तो?

संयुक्ता : काय माहीत. गंध डोळ्यात उतरलं असेल. अक्का... भिंतीवर एक उतरला.

हेमावती : हलू नकोस.

संयुक्ता : दुसराही आला. पहिला पानाशी गेलाय. भात नाही, वडा उचलतोय.

हेमावती : भात त्यांना कधी आवडला? आई गेल्यावर तर नुसता वडाच मागायचे.

संयुक्ता : अक्का, ते आत गेले म्हणून कावळा आला. एवढंच आहे हे.

हेमावती : असेल. गप्प बैस.

शेषगिरी : अक्का! मिळाल्या सगळ्या! इथून काही दिसत नाही मला. बाहेर येऊ का?

हेमावती : तेथेच थांब. अप्पा जेवताहेत.