मामंजींचा खोकला

आमच्या भावजींना मुंबईत काम कसं मिळालं म्हणून सगळे विचारतात. खरं सांगू का, खोकल्यामुळे!

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. सरकारी फिल्म शाळेत शिकायचे. शेवटच्या वर्षाचा सिनेमा त्यांनी धारूरला आमच्याच घरात केला. नव्या सुनेच्या भूमिकेत मला बसवलं, कारण मी तशीही फार बोलत नाही. शाळेचा कॅमेरा त्याच संध्याकाळी परत जायचा होता. शेवटच्या शॉटमध्ये मी चुलीपुढे एकटी बसलेली. तेवढ्यात दाराबाहेर मामंजी खोकले आणि माझा हात आपोआप पदराकडे गेला.

"कट! आण्णा, कामून खोकलात?"

"सून घरात हाय. न खोकता कसा येऊ?"

उजेड गेला, कॅमेराही गेला. भावजींनी रडवेल्या तोंडानं तोच शॉट ठेवला.

शाळेत हे सिनेमे बघायला मुंबईचे निर्माते येतात, पुष्कळांचं पुढचं काम तिथंच ठरतं. आम्ही सगळेच गेलो होतो. दिवे लागल्यावर एक निर्माते म्हणाले, "सासरा न दाखवता नुसत्या खोकल्यानं उभा केलास! सुचलं कसं?"

"लई विचार केला, सर," भावजी गंभीरपणे म्हणाले.

मागच्या रांगेतून तोच खोकला आला. माझा हात पुन्हा पदराकडे! निर्मात्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मामंजींकडे, आणि पोट धरून हसले. साहाय्यकाचं काम मात्र भावजींनाच दिलं.

परतीच्या एसटीत मामंजी एवढंच म्हणाले, "पुढच्या पिक्चरला फुकट खोकणार न्हाई."