शेजारी उभा माणूस

भाऊ : ...आठ वाजता चॅनलवर एवढंच सांगणार, की फॉर्म भरणाऱ्या मुलींनी घोळ घातला. विषय संपला.

बहीण : संपला कसा? त्या चौदाजणी मी जमवल्यात, दादा. दिवसभर मतदान केंद्राबाहेर उन्हात उभ्या होत्या. तू त्यांच्यावर खापर फोडलंस, तर पुन्हा कुणी काम देईल का त्यांना?

भाऊ : मग काय सांगू? एक्झिट पोलच्या दिवशी छातीठोकपणे म्हणालो, 'बायका सरकारच्या पाठीशी आहेत.' आणि आज मतमोजणीत सरकारच गेलं! सपशेल तोंडावर आपटलो मी.

बहीण : मुलींनी ऐकलं तेच लिहिलं. दिसलं तेही लिहिलं होतं. फॉर्ममधला शेवटचा रकाना आठवतो?

भाऊ : कुठला?

बहीण : बाईशेजारी नवरा उभा असला, तर तिथे गोल करायचा.

भाऊ : हां, तो. उडवला मी. उगाच पसारा. आकडे चढवायला वेळ कुठे होता?

बहीण : उगाच? अरे, दुपारपासून बसून सगळे फॉर्म वेगळे केलेत मी. हे बघ. गोल असलेल्या दर दहाजणींत आठ सरकारकडे. गोल नसलेल्या दर दहाजणींत जेमतेम तीन. डोळे उघडून बघ जरा!

भाऊ : म्हणजे बायका खोटं बोलल्या?

बहीण : आधी नवऱ्याकडे बघायच्या, मग बोलायच्या. काहींचे तर नवरेच बोलायचे. आणि तू त्याला बायकांचं मत म्हणालास.

भाऊ : आणि हे मी जगासमोर कबूल करू? की रकाना मीच उडवला? धंदाच बंद करतो मग! मुलींचं काय, दोन दिवसांत विसरतील लोक.

बहीण : मुली नाही विसरणार. मीही नाही.

वहिनी : (इस्त्रीचा शर्ट घेऊन आत येत) अहो, शर्ट घाला, गाडी आलीय खाली. काय गं, हा गठ्ठा आपल्या इथल्या केंद्राचा का?

बहीण : हो, वहिनी.

वहिनी : म्हणजे मी पण असेन यात. भावजय आहे म्हणून सोडलं नाहीस मला.

बहीण : दर पाचव्या माणसाला विचारायचं होतं. तुम्ही पाचव्या आलात, मी काय करू?

वहिनी : माझ्या फॉर्मवर आहे का गोल?

बहीण : ...आहे.

भाऊ : ए, थांब. मी नुसता उभा होतो. चकार शब्द काढला नाही!

वहिनी : नाही काढलात.

भाऊ : मग? तू सरकारचंच नाव घेतलंस की. माझ्यासमोर! खरंच दिलंस ना त्यांना मत?

वहिनी : आत्ताही तुम्ही शेजारीच उभे आहात.

भाऊ : ...दे गं तो गठ्ठा इकडे. गाडीत बघतो.