इळ्याची पायरी

त्रेसष्ट सालची गोष्ट. बुलढाण्याच्या कोर्टाबाहेर अर्जनवीस तुळशीराम अर्ज खरडत होता, पण कान मागच्या बाकाकडे. तिथं पाय प्लास्टरात घातलेली अंबूबाई, अन् शेजारी तिनं ज्याच्यावर नालिश केली तोच दुकानदार, हिंमतराव.

"पायरीवरून घसरल्या तुमी, अन् नालिश माह्यावर काऊन?"

"पायरी तुमच्या दुकानाची, मंग कोणावर करू?"

"पण गुळगुळीत कोणं केली? सोंगणीच्या आंधी आखं गाव तिथं इळे घासून धार लावे. तुमचा बाप सगळ्यात पह्यले."

"हाव. बाबा इळा घासे, मी लोट्यानं पानी सोडो. अन् तुमी तुमच्या बापाची नजर चुकवून मले दुकानातले फुटाणे देत होते."

"ध्यानात हाये तुमच्या?"

"त्याच जागी त पाय घसरला!"

"वकील म्हन्ते, तो दगड काढून नवा खडबडीत बसवा."

"खबरदार! बाबाच्या हातची तेवढीच खूण राह्यली गावात."

"मंग नालिश मागं घेता?"

"ते काऊन घेऊ? पाय माहा मोडला ना!"

शिपायानं दोघांच्या नावाचा पुकारा केला.

"माह्या खांद्यावर हात ठेवा. अन् हळू चाला, अंबूबाई. इथं पडल्या त तेही माह्यावरच लावाल."